पऱ्हाटीच्या दोन काड्या

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी जिथे कामाला आहे, तिथे दूध वाहणाऱ्या पिकअप गाड्यांचं डिझेल माझ्याकडे असतं. म्हणजे कुठली गाडी किती प्याली आणि किती धावली, ते बघायचं. मालक तरुण आहे. गाडी तीच, रस्ता तोच, मग एकाच्या हातात अ‍ॅव्हरेज चांगलं आणि दुसऱ्याच्या हातात पडलेलं, असं कसं, हे तो मला फिरून फिरून विचारतो. त्याच्या मनात उत्तर तयार असतं, चोरी, आणि ते त्याला माझ्या तोंडून हवं असतं. मी दुसरी उत्तरं देतो. एखाद्याचा पाय जड असतो. तो गाडी हाणतो आणि लगेच ब्रेक मारतो, म्हणजे जाळलेलं डिझेल ब्रेकमध्ये घासून टाकतो. एखादा क्लचवर पाय ठेवूनच बसतो. कुणाला टायरमधली हवा बघायची सवय नसते. कुणाच्या वाट्याला रिकामी फेरी येते, कुणाच्या वाट्याला भरलेली. कुणी रांगेत इंजिन चालूच ठेवतो, कारण सेल्फ धरत नाही आणि धक्का मारायला माणूस नाही. मालक ऐकून घेतो आणि हसतो. "काका, तुम्ही कोणालाच चोर म्हणत नाही." खरं आहे. लोकांनी एका माणसाला चोर म्हटलं होतं, आणि मी म्हणू दिलं होतं. तो शब्द त्यानंतर माझ्या तोंडात येत नाही.

आमचा तांडा खिंडीच्या पायथ्याशी, आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. वर पठारावर कापसाची गावं, खाली आम्ही, आणि पुढे आर्णीचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. बाच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. बाने ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण अंगणात बाजेवर बसून असं सांगायचा, की जणू कालच बैल सोडून घरी आला. कापसाचे ते दिवस फार वाईट. फवारून फवारून हात सोलायचे, तरी बोंडात अळी निघायची, आणि जे घरात यायचं त्याला बाजारात कुणी धड विचारत नव्हतं. कापूस पिकवणाऱ्यापेक्षा कापूस वाहणारा तगेल, असं बाच्या मनाने घेतलं. त्याने वावराचा एक तुकडा पडीक टाकला आणि यवतमाळहून एक जुनी पिकअप आणली. निळी होती, दारं मात्र दुसऱ्याच कुठल्या गाडीची, पांढरी. याडीने, म्हणजे माझ्या आईने, तिला ओवाळलं, आरशाला कवड्यांची माळ बांधली आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेली बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी केबिनमध्ये टांगली. "लदेणीचा म्होरक्या बैल घंटीशिवाय चालत नसे," बा म्हणाला. लदेणी म्हणजे आमच्या लोकांचा पाठीवर माल लादलेल्या बैलांचा तांडा. चालत्या इंजिनापुढे ती घंटी ऐकूच यायची नाही. माझ्या बाबतीत हे फार महत्त्वाचं ठरलं, म्हणून सांगून ठेवतो.

घरात आम्ही सहा जण. बा, याडी, मी, माझी थोरली बहीण कमला, जिला मी बाई म्हणतो, तिचा नवरा इंदल आणि त्यांची रांगती मुलगी. इंदलभाऊजींच्या गावाकडे वावर नव्हतं म्हणून ते सासरी राहून गाडी चालवायचे. घरजावई म्हणून कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण ते स्वतः कधी विसरत नसत. जेवायला सगळ्यांत शेवटी बसायचे. दुसऱ्यांदा वरण वाढायला गेलं की ताटावर हात धरायचे. याडी ज्वारीच्या भाकरीला बाटीच म्हणायची. चुलीवरची पहिली बाटी ती हातानेच मोडायची, तिच्यावर तेल आणि ठेचा घालायची आणि तो घास मला द्यायची. मी बारावीत दोनदा बसून घरी राहिलेला पोरगा. माझ्यासारख्याला पहिला घास मिळतो आणि राबणारा माणूस शेवटी जेवतो, हे तेव्हा मला कधी खटकलं नाही.

गाडी आम्ही दोघं आळीपाळीने चालवायचो, आणि बा डिझेल मोजायचा. गाडीतला काटा बंद होता. बा पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, सरळ काडी सोलून घेई, टाकी एका खुणेपर्यंत भरे, फेरी झाली की काडी आत बुडवून बाहेर काढी आणि ओल जिथे संपली तिथे अंगठ्याच्या नखाने खाच पाडी. माझी एक काडी, भाऊजींची एक. दोन्ही छपराच्या वाश्यात शेजारी शेजारी खोचलेल्या असत. माझ्या काडीवर ओलीची खाच वर राही, त्यांच्या काडीवर खाली. म्हणजे त्यांच्या फेरीत डिझेल जास्त जाई. पहिल्यांदा बा काही बोलला नाही. मग शेजारचा थावरूकाका एकदा अंगणात येऊन वाश्याकडे बघत म्हणाला, "का जी जवाईबापू, गाडीबी सासरी आली का तुमच्यासंगं? लयच खाऊन राह्यली!" सगळे हसले. भाऊजीही हसले. बाई चुलीपुढून उठून बाहेर गेली.

मला कारण माहीत होतं. एक नाही, सगळीच. वरच्या गावांचा कापूस भाऊजी आणायचे, बाजूंना बांबू बांधून, तुडवून तुडवून केबिनच्या वर माणूसभर उंच. तसली गाडी वाऱ्याला छाती लावून चालते. माझ्या वाट्याला बहुतेक खताची पोती, नाहीतर लग्नातली भांडी. जिनिंगच्या रांगेत ते इंजिन बंद करत नसत, कारण सेल्फ नादुरुस्त होता. मला धक्का मारायला आर्णीचे दोस्त होते. आणि एक कारण असं, जे कुणालाच माहीत नव्हतं. खिंडीच्या माथ्यावर आलो की मी स्टेअरिंगखालचा खटका ओढून इंजिन बंद करायचो, गाडी न्यूट्रलला टाकायचो आणि नुसत्या उतारावर खाली सोडायचो. पुलाजवळ गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन परत चालू. बाने गाडी आणली त्याच दिवशी मला आणि भाऊजींना समोर उभं करून सांगितलं होतं, "बाकी काहीबी करा. खिंडीत गाडी बंद कराची नाही." मी नेमकं तेच करत होतो, आणि बा माझी काडी लोकांना दाखवत होता.

आज मला कळतं, की गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीला डिझेल जवळजवळ लागतच नाही. माझ्या त्या करामतीने वाचत होतं ते अगदी थोडं. दोन काड्यांतला खरा फरक कापसाच्या उंचीचा आणि रांगेचा होता. पण तेव्हा मी ते सगळं माझं कसब समजत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं.

वेचणी भरात असताना एकदा बाने दोन्ही काड्या काढल्या आणि भाऊजींसमोर धरल्या.

"जवाईबापू, मी विचारून नाही राह्यलो. पाहून राह्यलो. हे डिझल जाते कुठं?"

"बा, रांगेत बंद केली तं चालू होत नाही. धक्का माराले कोण येते?"

"गोपालले नाही का रांग?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

"रस्त्यानं कोणी हात दाखवला तं थांबता तुमी, ते मले माहीत हाये," बा म्हणाला. "पण ढाब्यावर कॅन उतरवता का, ते सांगा. जवाई हा तुमी. मले तोंड उघडाले लावू नका."

भाऊजी एवढंच म्हणाले, "नायकाले बसवा. चार लोकांत होऊन जाऊ द्या."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्या ओट्यावर नसाब, म्हणजे आमच्या लोकांची पंचायत बसली आणि चोरी ठरली, की माणूस तांड्यात राहत नाही. राहिला तरी त्याच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. बाईला आणि तिच्या लेकीला त्याच्यामागे जावं लागलं असतं, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. बालाही ते नको होतं. म्हणून त्याने तोडगा काढला: सारखाच कापूस, सारखाच रस्ता. एक दिवस मी, दुसऱ्या दिवशी भाऊजी. टाकी त्याच खुणेपर्यंत. मग काडी बोलेल ते खरं.

माझा दिवस आधी आला. भाऊजी भरायचे तेवढाच उंच कापूस मी वरच्या गावातून भरून घेतला. तेवढा भरून मी त्या उतारावर कधीच आलो नव्हतो. माथ्यावर आलो तेव्हा एकदा वाटलं, आज गिअरमध्येच जावं. तसा गेलो असतो तर दोन्ही काड्या सारख्या आल्या असत्या, हेही मला वाटलं, आणि हे लिहिताना माझा हात थांबतो. भाऊजी सुटले असते. पण मग आजवरची माझी काडी खोटी पडली असती. मी खटका ओढला. इंजिन गप्प झालं आणि घंटी बोलू लागली, आधी सावकाश, मग घाईघाईने. पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्यावर कसाबसा लागला. इंजिन बंद असलं, की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगड होतो. रिकाम्या गाडीला दगड ब्रेकही पुरतो, भरलेल्या गाडीला नाही. मी दोन्ही पायांनी पॅडलवर उभा राहिलो. गिअर पडेना, नुसता करकरायचा. मग हँडब्रेक ओढला आणि ओढूनच धरला. जळका वास केबिनभर झाला, डावं चाक कठड्याला घासलं, आणि शेवटच्या वळणाआधी कसातरी तिसरा गिअर बसून इंजिन धडाडलं. पुलावर गाडी थांबवून मी खाली उतरलो आणि रस्त्यातच बसलो. मग पाणी प्यालो, कठड्याचा चुना चाकावरून पुसला आणि आर्णीला गेलो. परत आल्यावर बाने काडी बुडवली. आजवरची सगळ्यांत उंच खाच. "पाहा!" बा थावरूकाकाला म्हणाला. हँडब्रेकचा दांडा आता हातात नुसता झुलत होता, तार जळून सैल पडली होती. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कशाने जळली, तेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी गाडीला फडकं मारत होते. बाईने रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. मी दात घासत उभा होतो.

"गोपाल, खरं सांग. तू काय करतं?"

"काही नाही भाऊजी. पाय हलका ठेवतो."

"मले चोर ठरवाले निघाले रे. तुही बहीण घास घेत नाही. माह्या पोरीची शपथ, मी एक थेंब विकला नाही."

मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. म्हणून मी सांगितलं. खटका, न्यूट्रल, पुलाजवळ क्लच. आपण आता चांगलं वागतोय, असंही मला वाटलं.

ते फडकं मारायचे थांबले. "भरल्या गाडीत?"

"हो."

"ब्रेक?"

"जरा जोर लावा लागते."

"अन् हँडब्रेक हाये ना?"

"हाये," मी म्हणालो.

त्यांनी फडकं सीटखाली टाकलं आणि गाडी काढली. मी हाक मारू शकलो असतो. गाडी तांड्याच्या वेशीपर्यंत फार सावकाश गेली, कारण रस्त्यात थावरूकाकाच्या शेळ्या होत्या. तेवढा वेळ होता.

दुपारी मी आणि याडी खिंडीच्या अंगाला असलेल्या वावरात कापूस वेचत होतो. याडीने तुरीच्या शेंगा उकडून आणल्या होत्या. पदरात ठेवून ती मला एकेक सोलून देत होती. भाऊजींची गाडी उतरू लागली की इंजिनाचा जड आवाज दुसऱ्या गिअरमध्ये घुमत यायचा, तांड्यातली कुत्रीसुद्धा तो ओळखायची. मी त्या आवाजाची वाट पाहत होतो. आपोआप देवाचं नाव घेत होतो, आवाज येऊ दे, त्यांनी ऐकलं नसू दे माझं. आवाज आला नाही. घंटी आली. फक्त घंटी, वरच्या वळणावरून, स्पष्ट, जशी बाच्या गोष्टीत म्होरक्या बैलाची यायची. याडीने मान वर केली. पण ती खिंडीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मला कळलं, की एवढे दिवस माझी गाडी उतरायची तेव्हा इथे याडीला नुसती घंटीच ऐकू येत होती. तिला सगळं माहीत होतं. तिच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. घंटी घाईला आली, मग तिचे वेगळे ठोके राहिलेच नाहीत, एकच किणकिणाट झाला, आणि मग थांबली. मोठा आवाज झाला नाही. कापूस भरलेली गाडी पडली की मोठा आवाज होत नाही.

शेवटच्या वळणावरून गाडी नाल्यात उलटली होती. सगळीकडे कापूस, काट्यांवर, दगडांवर, पाण्यावर. आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी शुद्धीत होते. उजवा पाय दाराखाली होता. बा धावत आला. "बंद केलती ना रे तू? खिंडीत बंद केलती ना?" पहिल्यांदाच तो जावयाला अरे-तुरे बोलला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. टाकी फुटली होती. बाने तरीही काडी आत घातली, मी पाहिलं, आणि ती कोरडी निघाली. म्हणजे त्या फेरीचा निकाल लागलाच नाही. लोकांनी तो आपल्या मनाने लावून घेतला: चोर होता, पकडला जाईल म्हणून घाबरला, आणि गाडी घालवली.

यवतमाळच्या दवाखान्यात भाऊजींच्या खाटेजवळ बाने मला विचारलं, "याले हे तू सांगतलं होतं का?" बाई उशाशी होती. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. मी म्हणालो, "नाही." भाऊजींनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्यांनी कधी कुणाजवळ माझं नाव काढलं नाही. आणि याडीने कधी मला बाटी मोडून दिली नाही. ताटात टाकायची, मोडायचं माझं मला.

नसाब बसली नाही, गरजच उरली नव्हती. भाऊजी, बाई आणि त्यांची लेक बोरी अरबला गेले. तिथे रस्त्याच्या कडेला भाऊजींनी हवेचं आणि पंक्चरचं दुकान टाकलं. बा गेला, त्यानंतर याडी गेली. मी नोकरीला लागलो, डिझेलच्याच. दारव्ह्याकडे गेलो की त्या दुकानावर थांबायचो. भाऊजी कुबडी भिंतीला टेकवून हवा भरायचे, बाई चहा आणायची, आणि आम्ही पाऊस-पाण्याचं बोलायचो. मागच्या महिन्यात असाच थांबलो होतो. एक पोरगा पिकअप घेऊन आला, मालकाशी फोनवर भांडत होता, "मी नाही विकत डिझल, शेठ! कायले विकू?" भाऊजींनी नळी चाकाला लावली आणि त्याला म्हणाले, "घाबरू नको. हवा कमी हाये तुही. हवा कमी असली की गाडी जास्तच पेते. सांग त्याले." तो पोरगा गेला. आणि मी तिथेच, उभ्या उभ्या, बाईसमोर सगळं सांगितलं. दवाखान्यातलं "नाही." हँडब्रेकची जळलेली तार. सकाळचं "हाये."

भाऊजी नळी गुंडाळत राहिले. "खिंडीत दांडा ओढला तवाच समजलं होतं मले," ते म्हणाले. "तार ढिली होती."

"मंग तुमी बोलले काहून नाही?"

"तू बोलशीन म्हणून थांबलो."

बाईच्या हातात चहाचा ट्रे होता. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, एवढी वर्षं एका छपराखाली राहून भाऊजींनी तिलाही सांगितलं नव्हतं. मी वाट पाहिली, ती ओरडेल, ट्रे फेकेल. तिने ट्रे स्टुलावर नीट ठेवला.

"बा गेला ना यायले चोर समजून," ती म्हणाली.

"बाई..."

"मले नको सांगू. तांड्यात सांग. नायकाच्या ओट्यावर. थावरूकाका जिता हाये अजून, त्याच्यासमोर सांग." मग ती आत गेली, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. "आत्ताच चाल. घरी गेला तं तू परत येशीन का? नाही येत तू."

माझी गाडी कंपनीची, दुधाची पिकअप. पुढच्या सीटवर आम्ही तिघं बसलो, बाई खिडकीशी, भाऊजी मध्ये, कुबडी पायांत आडवी. पठारावर कापूस फुटला होता. खिंडीचा माथा आला, आणि सवय अशी, की एवढ्या वर्षांनीही डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर गेला. खाली तांड्याची छपरं दिसत होती, नायकाच्या ओट्यावर दोन-चार माणसं बसलेली. मी दांड्यावर हात ठेवून थांबलो. भाऊजींनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला आणि दांडा मागे ओढला. इंजिन घुमलं.

"दुसऱ्यातच राहू दे," ते म्हणाले. "ऐकू जाऊ दे त्यायले."